अरिसाकाला हात लावण्याआधी

भावा, आजोबांची टाइप ९९, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जपानी अरिसाका रायफल, मिळाली ना, मग आधी तो सँडपेपर ड्रॉवरमध्ये टाक. माझ्या पहिल्या रायफलचा दस्ता मी घासून घासून चकचकीत केला आणि त्यावरची मूळ उरुशी, म्हणजे जपानी झाडाच्या चिकाचं लाखेसारखं पॉलिश, सगळी गेली, ती काय परत येत नाही. नुसतं मऊ फडक्याने पुसून घे, बास.

दस्त्याच्या खालच्या भागात लांब सांधा दिसेल, तो तडा नाहीये, दोन लाकडं जोडूनच बनवायचे ते, त्यात ग्लू ओतू नकोस प्लीज! वर धातूवर कोरलेलं १६ पाकळ्यांचं शेवंतीचं फूल, म्हणजे जपानी सम्राटाचं चिन्ह, खरवडलेलं असेल तर तसंच राहू दे, १९४५ च्या जपानच्या शरणागतीच्या वेळी बऱ्याच रायफलींवरचं असंच घासून टाकलं होतं, तोही इतिहासच झाला.

गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेव, मग एकदम बारीक स्टील वूलने हळूहळू, वायर ब्रश नको.

आणि गनस्मिथने चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, तपासल्याशिवाय गोळी अजिबात झाडायची नाही, ट्रेनिंगच्या काही रायफली फक्त ब्लँकपुरत्याच, म्हणजे नुसता आवाज करणाऱ्या बिनगोळीच्या काडतुसांपुरत्याच होत्या, दिसायला जवळपास सेम.