विहिरीत पेट्रोल, आणि मुदतीचे उरलेले महिने

मिरज तालुक्यातील एका द्राक्षबागायतदारांचे पत्र आले आहे. शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळाल्याने त्यांच्या विहिरीच्या पाण्याला नोव्हेंबर २०२१ पासून पेट्रोलचा वास येऊ लागला. पंपचालकाने टाकी बदलली, २०२३ मध्ये एका ठेकेदाराकरवी जमिनीत व विहिरीत तेल खाणारे जिवाणू सोडण्याचे काम सुरू केले आणि ‘पाणी शुद्ध झाले की भरपाईचे बसून बोलू’ असे तोंडी सांगितले. हे काम संपेपर्यंत थांबावे की सांगलीच्या दिवाणी न्यायालयात दावा लावावा, असे ते विचारतात. पंपाऐवजी कारखाना किंवा गॅरेज घातले, तर याच मजकुराची बरीच पत्रे माझ्याकडे पडून आहेत.

दोन्ही करू नये, असे माझे उत्तर आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० याच्या कलम १५ खाली भरपाईचा, तसेच जमीन व पाणी पूर्ववत करून मिळण्याचा अर्ज पुण्याच्या खंडपीठापुढे करावा लागतो, आणि ज्या बाबी त्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतात त्यांत दिवाणी न्यायालयाला कलम २९ ने मज्जाव आहे. कलम १५ चे पोटकलम (३) मात्र आपण आजच वाचावे. भरपाई मागण्याचे कारण ‘प्रथम’ उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज आला नाही, तर तो दाखलच करून घेतला जात नाही. पुरेसे कारण दाखवल्यास त्यापुढे फार तर साठ दिवस मिळतात. आपले सारे प्रकरण ‘प्रथम’ या एका शब्दावर उभे आहे. आपण अभिमानाने लिहिले आहे की नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्रामपंचायतीला दिलेल्या तक्रारीची शिक्का मारलेली पोच आपल्याकडे आहे. ती पोच आपला पुरावा आहे आणि मुदत कधी सुरू झाली याचाही पुरावा आहे. समोरचा वकील पहिल्याच तारखेला तीच वाचून दाखवेल. नोव्हेंबर २०२६ मध्ये पाच वर्षे पुरी होतात.

प्रदूषण रोज चालूच आहे, तेव्हा मुदतही रोज नव्याने सुरू होते, असा युक्तिवाद करता येतो आणि गरज पडल्यास तो करावाही. पण कायद्याने ‘प्रथम’ म्हटलेले असताना त्याच्या भरवशावर घरी बसून राहणे मी कोणालाही सुचवणार नाही. तोंडी आश्वासनाने तर मुदत एका दिवसानेही थांबत नाही. इतकी वर्षे त्या आश्वासनावर काढली, आणि एकदाही ते कागदावर लिहून मागितले नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

जिवाणूंविषयी आपल्या मनात शंका आहे, ती अनाठायी आहे. पेट्रोलियम पचवणारे जिवाणू ही काही भोंदूगिरी नाही. अशा जिवाणूवर शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांना पेटंट मिळू शकते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला, आणि आपल्याकडे ‘टेरी’ या संशोधन संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचे मिश्रण तेलगाळावर वापरले गेले आहे. मात्र बहुतेक जिवाणूंना हे काम वेगाने करण्यासाठी प्राणवायू लागतो, सोबत नत्र व स्फुरदही लागते. आपल्याकडच्या चिकट काळ्या मातीत हवा सहज शिरत नाही, आणि खालच्या खडकाच्या भेगांत साठलेले पेट्रोल पाण्याची पातळी वर-खाली होताना पुन्हा पुन्हा सुटत राहते. त्यामुळे पाणी केव्हा शुद्ध होईल याची तारीख ठेकेदार देऊ शकत नाही, आणि न्यायाधिकरण त्या तारखेची वाट पाहणार नाही. अर्ज केल्याने उपचार बंद पडण्याचे कारण नाही. उलट तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली पंपचालकाच्या खर्चाने चालू ठेवावा, अशी अंतरिम मागणी त्याच अर्जात करता येते. पंपचालकाबरोबर तेल कंपनीलाही प्रतिवादी करावे, कारण टाकी कोणाच्या मालकीची होती हे त्यांच्या आपसातल्या करारावरून ठरेल आणि तो करार आपल्यापाशी नाही.

प्रयोगशाळेचा जो अहवाल आपण पाठवला आहे त्याचा उपयोग थोडाच आहे. नमुना भर ऑगस्टात, विहीर तुडुंब असताना, थंड पेयाच्या अर्ध्या भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत नेला होता. बेंझिन हे पेट्रोलमधले उडून जाणारे द्रव्य आहे; बाटलीत वर जितकी रिकामी जागा, तितके ते पाण्यातून निसटते. नमुना काचेच्या कुपीत, आत बुडबुडाही राहणार नाही असा काठोकाठ भरून, बर्फात ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे न्यावा लागतो, आणि तो मंडळाच्या अधिकाऱ्यासमक्ष घेतला गेल्यास उत्तम. पिण्याच्या पाण्यात बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. तिथे अशा अहवालातील ‘आढळले नाही’ हा शेरा आपल्याच विरुद्ध वापरला जाईल.

भरपाई किती मिळेल हे मी सांगणार नाही. बागेचे उत्पन्न, टँकरच्या पावत्या आणि विहिरीचा सात-बारावरील उल्लेख पाहिल्याशिवाय आकडा बोलणे बेजबाबदारपणाचे ठरेल. अर्जाचे शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का असते, त्यामुळे फुगवलेला आकडा आधी आपल्याच खिशाला पडतो. दरम्यान ठेकेदार ‘काम समाधानकारक पूर्ण झाले’ अशा कागदावर सही मागेल, तेव्हा ती देऊ नये, आणि तो कागद वाचून पाहण्यासाठी म्हणून तरी एक प्रत मागून घ्यावी.