नागपुरात आर्किटेक्टचं ऑफिस तीन पिढ्या टिकतं ते कशावर?

तुमचा प्रश्न असा आहे: "नागपुरात साठ-सत्तर वर्षं चालत आलेली आर्किटेक्टची ऑफिसं आहेत म्हणे. त्यांच्या नावावर एकही गाजलेली इमारत दिसत नाही, मग ती टिकली कशी?"

अशाच एका ऑफिसात मी १९८८ मध्ये ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि अजून तिथेच आहे. ऑफिसचं नाव लिहीत नाही, लहान साहेब, म्हणजे आताचे मालक, हे सगळं वाचतात.

गाजलेल्या इमारती गावातल्या माणसांना फारशा मिळाल्याच नाहीत. सिव्हिल लाइन्समधलं घुमटाचं हायकोर्ट घ्या. १९३७ ला पायाभरणी, १९४० ला उद्घाटन, आणि नकाशा हेन्री मेड यांचा. हे नवी दिल्ली उभारण्याच्या कामातले गृहस्थ. सरकारी इमारतींचं बरंचसं काम बांधकाम खातं स्वतःच करायचं. त्यात नागपूर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, १९५६ ला तीही गेली. आमचे मोठे साहेब, म्हणजे ऑफिस सुरू करणारे, मुंबईहून, जे. जे. स्कूलमधून शिकून परत आले ते नेमके त्याच सुमाराला. "राजधानी गेली अन् मी आलो," असं स्वतःच सांगून हसायचे.

मग राहिली ती घरं. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ इथले डॉक्टर, वकील, प्राध्यापक. मोठ्या साहेबांचं जॉब रजिस्टर लाल कापडात बांधलेलं आहे. नंबर, मालक, प्लॉट, तारीख, फी. फीच्या रकान्यात दोन-तीन ठिकाणी "संत्र्याची पेटी" असंही लिहिलंय, ते सोडून द्या.

या रजिस्टरात धंतोलीचा एक प्लॉट तीनदा येतो. आधी एका डॉक्टरांचं बैठं घर, पुढे व्हरांडा आणि त्यावर कवेलू, म्हणजे कौलं. पंचवीस वर्षांनी त्यांच्या मुलाने तिथेच नर्सिंग होम केलं, खाली ओपीडी, वर खोल्या. त्यानंतर नातू आला, सगळं पाडून फ्लॅट स्कीम करायची म्हणून. नवा प्लॅन तयार झाला, कॉलमच्या खुणाही पडल्या. लहान साहेब मला म्हणाले, "काका, जुनी शीट काढा बरं एकदा." काढली. मागच्या कोपऱ्यात मोठ्या साहेबांच्या हातचं शिसपेन्सिलीतलं एक वर्तुळ, आणि शेजारी: "विहीर, ५ फूट व्यास. बुजवणार." नर्सिंग होमच्या वेळी तिच्यावर फरशी पडली होती, घरात कोणाला आठवतही नव्हतं. आमचा एक कॉलम बरोब्बर त्या वर्तुळात येत होता.

त्याच शीटच्या समासात असंही होतं: "काळी माती, मुरूम साडेसात फुटावर." नागपुरात काम केलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्यातच थांबला तर भिंती तडकतात. माती परीक्षण आम्ही केलंच, कायद्याने आणि अकलेने दोन्हीने लागतं. पण विहीर परीक्षणाच्या बोअरमध्ये सापडेलच असं नाही. बोअर चार जागी घेतात आणि विहीर पाचव्या जागी असते. कॉलमची ओळ तीन फूट सरकवली.

तर टिकण्याचं कारण मला विचाराल तर ते खालच्या खणातले नकाशे. डिझाइन तर नवीन पोरंही करतात, काही जण आमच्यापेक्षा बरंच करतात. पण घर ज्याने बांधलं त्याचा नातू पुन्हा आमच्याच जिन्यावर येतो, कारण नकाशा आमच्याकडे आहे. कर्जाला मंजूर नकाशा लागतो, वाटणीला लागतो.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ चा आर्किटेक्ट्स अॅक्ट येईपर्यंत पाटीवर "आर्किटेक्ट" कोणीही लिहायचं. त्या कायद्याखालचा नोंदणी क्रमांक "सीए/७५" ने, म्हणजे १९७५ च्या नोंदणीने, सुरू होत असेल तर माणूस पहिल्या खेपेतला समजा. मोठ्या साहेबांचा तसाच होता.

मी लागलो तेव्हा ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगचं शाईचं पेन, आणि चूक झाली की ब्लेडने शाई खरवडायची. जास्त खरवडलं की कागदाला भोक. नकाशाच्या प्रती, म्हणजे अमोनिया प्रिंट, काढताना डोळ्यांतून पाणी. कॉम्प्युटर आला त्याचं मला दुःख नाही, माझे डोळे वाचले. एक सवय मात्र मोठ्या साहेबांची: पश्चिमेच्या खिडकीबाहेर कूलरचा ओटा नकाशातच दाखवायचा, पाण्याच्या नळासकट. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. त्या गावात कूलर मागाहून लटकवायची वस्तू कशी असेल? लहान साहेब आता एसीचे पॉइंट दाखवतात. ओटाही दाखवतात, बिल्डर तो खोडतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी होतं. खालचे दोन खण भिजले. सर्वात जुन्या शीट ट्रेसिंग क्लॉथवरच्या. त्या कापडाला खळ असते. पाणी लागलं की खळ सुटते, पारदर्शक कापड पांढरं पडतं आणि शाई पसरते. चाळीसेक शीट गेल्या. बाकीच्या गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवल्या. समोरच्या वहिनींनी विचारलं, "भाऊ, चादरी धुतल्या का?" धंतोलीची विहीर वाचली, ती वरच्या खणात होती.

आता सगळं स्कॅन करून ठेवतोय, अर्धं झालंय. तुमच्या आजोबांचं घर अशाच कुठल्या जुन्या ऑफिसाने बांधलं असेल तर जाऊन विचारा. फक्त जाताना प्लॉट नंबर घेऊन जा. आडनावावरून शोधता येत नाही, आमच्या रजिस्टरात तर अर्धी पानं देशपांडेच आहेत.