मोबाईल-रेडिओ अमुक असेच का दिसतात? त्यांचं रूप कोण ठरवतं?

डिझायनर ठरवतो, पण चित्र काढायच्या आधी तो वापरणाऱ्याचा हात बघतो. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत रात्री ओलिताला, पिकाला पाणी द्यायला, जाणाऱ्याच्या खिशात बरीच वर्षं नोकिया ११०० दिसायचा. २००३ चा फोन, भारतासारख्या देशांतला ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला. टॉर्च वरच्या टोकाला, म्हणजे फोन नुसता पुढे धरला की उजेड सरळ धुऱ्यावर (शेताच्या बांधावर). बटणांवर अख्खी रबरी पट्टी, त्यामुळे वावरातली धूळ आत शिरत नाही. कडा अशा, की घामेजल्या हातातूनही सटकत नाही. २५ कोटींच्या वर फोन खपले, ते उगाच नाही.

बाकी कामाची रीत अशी: आधी फोमचे नमुने कोरून हातात धरून बघायचे, मग साचा. प्लास्टिक साच्यातून सुटावं म्हणून कवचाच्या भिंतींना किंचित उतार द्यावाच लागतो. तिथे सौंदर्याचं काही चालत नाही. खरबरीत पोतावर ओरखडे आणि बोटांचे ठसे लपतात. चकचकीतपणा दुकानापुरता, असं माझं मत.

रूपाची उसनवारीही चालते. ब्राउन या जर्मन कंपनीचा १९५८ चा टी-३ रेडिओ आणि ॲपलचा २००१ चा गाणी ऐकायचा आयपॉड शेजारी ठेवून बघा.