कमी पातळीची लाज बाळगू नकोस

एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) या हौशी पूल खेळाडूंच्या लीगमध्ये नाव घातलंस, छान केलंस. समोर सात पातळीचा, म्हणजे कौशल्याच्या क्रमांकात सर्वात वरचा, खेळाडू आला म्हणून हबकू नकोस. तू दोनवर असलास तर एट-बॉलमध्ये (आठचा बॉल शेवटी घालायचा तो प्रकार) तुला दोनच गेम जिंकायचे असतात, त्याला सात. ही दया नव्हे. हे नसतं तर नवा माणूस दर आठवड्याला मार खाऊन महिन्याभरात घरी बसला असता. शिवाय सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे नुसत्या सहा-सातवाल्यांचा संघ बांधताच येत नाही, संघाला तू हवाच असतोस. मुद्दाम हरून पातळी खाली ठेव असं कुणी सुचवलं, तर अजिबात ऐकू नकोस.

तीन किंवा त्याखालच्या खेळाडूला दर गेममध्ये दोन टाइमआउट, म्हणजे थांबून संघातल्या कुणाचा सल्ला घ्यायची मुभा, मिळतात. ते घेच. पांढरा बॉल कुठे थांबवायचा, हे मी त्या एकेका मिनिटातच शिकलो. बॉल चुकून भलत्या पॉकेटात गेला तरी चालतो, फक्त आठचा सोडून. आठचा मारण्याआधी तो ज्यात घालणार त्या पॉकेटपाशी खूण ठेव. मी एकदा विसरलो, बॉल अलगद आत गेला आणि जिंकलेला गेम हातचा गेला.