घरची बिअर, किनाऱ्यावरची हवा आणि आल्याचे विरजण

प्रश्न : माझा पुतण्या मँचेस्टरला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत गावी येताना त्याने घरी बिअर बनवण्याचा संच आणला आहे. त्यात मॉल्टच्या घट्ट अर्काचा १.७ किलोचा डबा, यीस्टची पुडी आणि २३ लिटरची झाकणाची बादली आहे. आमच्यापैकी कोणालाही याचा अनुभव नाही. पावसाळ्यापूर्वी घरी एकदा करून पाहावे का आणि नवशिक्याने काय सांभाळावे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी कायद्याचे सांगतो, कारण ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही आणि ते केवळ स्वतःच्या घरी पिण्यासाठी बनवले, म्हणून सूट मिळत नाही. माड छेदून माडी काढायलासुद्धा परवाना लागतो, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरापुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही. विकता मात्र येत नाही. तेव्हा हा संच पुतण्याबरोबर परत पाठवावा आणि त्याने तो तिथे वापरावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तुमची जिज्ञासा मात्र मोलाची आहे आणि पुतण्यालाही या माहितीचा उपयोग होईल, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो.

बिअरची सुरुवात मोड आलेल्या जवापासून होते. आपल्याकडे बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून आणि भाजून सत्त्व करतात; मॉल्ट करण्याची रीत जवळजवळ तीच आहे. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, ती पुढे गरम पाण्यात, साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसला, तासाभरात पिठूळ भागाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून हॉप्स या वेलीच्या फुलांबरोबर तासभर उकळले की त्याला कडवटपणा येतो. डब्यातल्या अर्कात ही सगळी मेहनत आधीच झालेली असते आणि अशा संचात बहुधा हॉप्सही घातलेले असतात, म्हणून नवशिक्याने डब्यापासूनच सुरुवात करावी. अर्क गरम पाण्यात विरघळवायचा, थंड पाण्याने बादली भरायची आणि तापमान २० अंशांच्या आसपास आले की यीस्ट घालायचे, एवढेच काम उरते.

यापुढचे काम यीस्टचे असते; ते साखर आंबवून तिचे अल्कोहोल आणि वायू करते. माणसाने फक्त स्वच्छता आणि थंडावा राखायचा असतो. माडीच्या मडक्यात रस ठिबकू लागल्यापासूनच हवेतले आणि मडक्यातले रानटी यीस्ट कामाला लागते, म्हणून नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. बिअरमध्ये असे रानटी यीस्ट नको असते. गोड, कोमट पाणी हे कोणत्याही जंतूचे आवडते घर आहे आणि जो आधी पोहोचेल तो त्याचा ताबा घेतो. म्हणून बादली, पळी, नळी, झाकण यांतले जे जे त्या पाण्याला लागणार आहे, ते आधी घासून धुवावे आणि मग निर्जंतुक करावे. ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली घेऊ नये, कारण त्या ओरखड्यांत जंतू टिकून राहतात.

थंडावा हा त्याहून अवघड भाग आहे. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करते, तर लागर प्रकारच्या यीस्टला साधारण ८ ते १३ अंश लागतात. गुहागरला मे महिन्यात दुपारी पारा ३२–३३ अंशांवर असतो, रात्रीही तो फारसा उतरत नाही आणि आंबताना बादलीतले पाणी स्वतःच आणखी दोन-चार अंशांनी तापते. अशा उष्णतेत यीस्ट घाईने काम उरकते आणि बिअरला पिकलेल्या केळ्याचा किंवा स्पिरिटसारखा उग्र वास येतो. बादलीभोवती ओले फडके गुंडाळावे, असे इंग्रजी पुस्तकांत सांगतात, पण ते किनाऱ्यावर फारसे उपयोगी पडत नाही. देशावर माठातले पाणी जितके गार होते तितके आपल्या दमट हवेत होत नाही, त्याचेच हे कारण आहे. इथे पाण्याच्या टबात बादली ठेवून त्यात बर्फाच्या बाटल्या बदलत राहण्यावाचून उपाय नसता. नॉर्वेतले क्वाइक नावाचे पारंपरिक यीस्ट ३० अंशांच्या वरही चांगली बिअर देते. मँचेस्टरच्या हवेत पुतण्याला त्याची गरज पडणार नाही, पण किनाऱ्यावरच्या माणसाने त्याचे नाव लक्षात ठेवावे.

बाटल्या भरण्याची घाई मुळीच करू नये. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले, असे नाही. हायड्रोमीटर नावाची काचेची तरंगती नळी पाण्याची घनता दाखवते आणि साखर आंबत जाते तशी ती घनता घटते. नळीवरचा आकडा लागोपाठ तीन दिवस तोच राहिला, तरच बिअर बाटलीत जाण्याजोगी झाली असे समजावे. मग वायू धरण्यासाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर पुरते.

प्रश्न : मी घरी आले, साखर आणि लिंबू यांचे आंबवलेले पेय केले. काचेची बाटली स्वयंपाकघरात चार दिवस ठेवली होती. रात्री ती फुटली. सुदैवाने जवळ कोणी नव्हते. माझे काय चुकले?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपल्या पत्राने मला काळजी वाटली आणि कोणाला इजा झाली नाही, हे वाचून बरे वाटले. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बिअरच्या बाटलीत लिटरमागे साधारण पाच ग्रॅम वायू असतो. आपण लिटरला ८० ग्रॅम साखर घातली असेल, तर ती सगळी आंबल्यास चाळीस ग्रॅम वायू होईल आणि तो कोणतीही काच सोसू शकणार नाही. थंड देशातल्या कृतीत चार-पाच दिवस लिहिलेले असतात, ते वेंगुर्ल्याच्या उन्हाळ्यात अनेकदा एक-दोन दिवसांवर येतात.

हे पेय पुन्हा करायचे असेल, तर आल्याचे विरजण आधी तयार करावे. स्वच्छ बरणीत चमचाभर किसलेले आले, चमचाभर साखर आणि कपभर उकळून गार केलेले पाणी घ्यावे आणि रोज तेवढेच आले व साखर घालत राहावे. आले सालीसकट किसावे, कारण यीस्ट सालीवरच असते. दोन-तीन दिवसांनी सकाळी झाकण उघडताच वर बारीक फेस आणि किंचित आंबूस, तिखट वास आला, तर विरजण जिवंत आहे. बुरशी दिसली तर बरणीतले सगळे टाकून द्यावे. वरचा थर काढून उरलेले वापरू नये.

लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम आले आणि ८० ग्रॅम साखर उकळून गाळावे, कोमट होऊ द्यावे, मग लिंबू पिळून पाव कप विरजण घालावे. भरण्यासाठी सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्याच वापराव्यात. वर चार बोटे जागा ठेवावी आणि दर काही तासांनी बाटली हाताने दाबून पाहावी. ती न दबण्याइतकी टणक झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. थंडीने यीस्ट मंदावते, पण पूर्ण थांबत नाही. या पेयात थोडे अल्कोहोल तयार होतेच, म्हणून लहान मुलांना आणि मद्य वर्ज्य असलेल्यांना ते देऊ नये. उघडताना बाटली पूर्ण गार असावी, मोरीत धरावी आणि झाकण एकदम न काढता थोडे सैल करून वायू सुटू द्यावा.