कॉम्प्युटरवर आग पेटवायचं शिक्षण

प्रश्न : मी आर्णी तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मुलगी बारावी सायन्सला आहे, सीईटी देणार आहे. इंधन कसं जळतं याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं, म्हणजे इंजिनाचं प्रदूषण कमी करता येतं, असं काहीतरी तिला शिकायचंय. गाड्या तर आता बॅटरीवर चालल्या. यात पोट भरेल का?
– एक वडील, जि. यवतमाळ

नमस्कार भाऊ,

पोरगी काय म्हणते ते आधी चुलीपाशी बसून पाहू. वाळलेली पऱ्हाटी भडभड पेटते, ओली नुसती धुपते अन् डोळ्यांत पाणी आणते. जळण तेच, जळायची तऱ्हा वेगळी. जुन्या ट्रॅक्टरवर लोड आला की सायलेन्सर काळा धूर ओकतो, कारण डिझेल जास्त पडलं अन् हवा कमी पडली. त्याची काजळी झाली. बरं, हवा पुरेशी दिली आणि आतलं तापमान फार चढलं, तर धूर दिसत नाही, पण हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून विषारी ऑक्साइड बनतात. एक दाबायला जावं तर दुसरं डोकं वर काढतं. खरी गोम इथं आहे.

इंधन एका झटक्यात धूर अन् वाफ होत नाही. रेणू तुटतो, तुकडे एकमेकांवर आदळतात, नवे तुकडे होतात. साध्या नैसर्गिक वायूचं जळणं मांडणारं ‘जीआरआय-मेक 3.0’ नावाचं प्रसिद्ध कॉम्प्युटर मॉडेल आहे. त्यात 53 घटक आणि 325 अभिक्रिया आहेत. बायोडिझेलच्या लांबलचक रेणूंसाठी हा आकडा हजारोंत जातो. तापमानानुसार प्रत्येक अभिक्रियेचा वेग कसा बदलतो हे अऱ्हेनियसच्या समीकरणातून काढतात, आणि ते तिच्या बारावीच्या केमिस्ट्रीतच आहे. बाकी पोरं ते मार्कांपुरतं घोकतात. तुमची त्यात अडकली, हे मला तरी आवडलं.

बॅटरीचं म्हणाल तर स्कूटर-कारपुरतं तुमचं बरोबर आहे. पण लांब पल्ल्याची विमानं, मोठी जहाजं, वीजनिर्मितीचे गॅस टर्बाइन इतक्यात बॅटरीवर जात नाहीत. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलंय. हायड्रोजन जाळला तर कार्बनचा धूर नाही, पण ते नायट्रोजनचे ऑक्साइड आहेतच. इंधन बदललं की सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

या नावाची पदवी मात्र शोधू नका. केमिकल किंवा मेकॅनिकल घ्या. नागपूरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, 1942 पासूनचं, केमिकलसाठी नावाजलेलं. आता ते स्वतंत्र विद्यापीठ झालंय, तेव्हा फी आधी विचारून घ्या. नागपूरच्याच व्हीएनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेला सीईटी नाही, जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा लागते, तिथं निम्म्या जागा आपल्या राज्यातल्या मुलांना असतात. अमरावतीच्या शासकीय कॉलेजात मेकॅनिकल आहे. पुढे ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक., मग पीएच.डी. आयआयटी मद्रासला ज्वलन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रच आहे. गेटवर एम.टेक.ला महिना 12,400 रुपये मिळतात, पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत फेलोशिप 37,000. म्हणजे पदवीनंतर घरून पैसा फारसा लागू नये.

पण वेळ लागतो, दहा वर्षं धराच. नेमक्या याच कामाच्या जागाही देशात थोड्या आहेत. म्हणूनच पदवी रुंद घ्या म्हणते. मध्येच मन फिरलं तरी इंजिनिअरिंग अन् प्रोग्रामिंग वाया जात नाही. हे काम प्रयोगशाळेत ज्वाळा पाहण्याचं कमी. दिवसभर स्क्रीनसमोर बसून चूक कुठल्या ओळीत आहे ते हुडकण्याचं जास्त. ते तिला मानवतं का, हे फुकटात कळू शकतं. ‘कँटेरा’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. हायड्रोजन आणि हवेचं मिश्रण घ्यायचं, सुरुवातीचं तापमान शंभर अंशांनी वाढवायचं आणि पेट घ्यायला लागणारा वेळ किती घटला ते पाहायचं. पंधरा दिवस ती यात रमली, तर प्रवेशाच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरताना केमिकल वर ठेवा.

फक्त लॅपटॉप सीईटी झाल्यावर आणा, आधी नको.