अकरावीत मार्क घसरले, मग पळणं बंद करायचं का?

न्यू जर्सीच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी आईवडिलांकडून ऑक्टोबरच्या सुमारास हमखास येणारा प्रश्न आहे: "मुलगी ज्युनिअर आहे, म्हणजे अकरावीत. आतापर्यंत सगळे ए होते. या वर्षी इतिहासात ६४ आणि केमिस्ट्रीत ६८ दिसतायत. रोज शाळेनंतर क्रॉस कंट्रीची प्रॅक्टिस, शनिवारी मीट म्हणजे स्पर्धा. पळणं सोडायला लावलं तर अभ्यास सुधारेल ना?"

खेळाचं नाव बदलतं, कधी पोहणं असतं, कधी मार्चिंग बँड, प्रश्न तोच. ज्या घराची ही हकीकत आहे, तिथे वडिलांनी कोचला ईमेल लिहूनही ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता. त्यांचा विचार समजण्यासारखा होता. महाराष्ट्रात दहावी-बारावी आली की मैदान बंद, हे आपण पाहत आलोय. पण तिथे सगळा भार एका बोर्डाच्या परीक्षेवर असतो. इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये नववी ते बारावीचा प्रत्येक विषय ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजला जाणाऱ्या गुणपत्रकावर, चढतो. त्यामुळे "एक वर्ष कळ काढ" हा उपाय इथे लागू पडत नाही. चार वर्षं टिकेल अशी दिनचर्या लागते.

समुपदेशक म्हणून पहिल्या भेटीत मी दोन गोष्टी सांगितल्या. तो ईमेल आठ दिवस पाठवू नका, आणि मुलीने आठवडाभराचा कागद भरायचा. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, सात दिवस. काय करायचं ठरलं होतं ते लिहायचं नाही, प्रत्यक्षात काय झालं ते रोज रात्री लिहायचं. सोबत फोनमधला स्क्रीन टाइमचा आकडा. आईवडिलांनी मध्येच तो कागद तपासायचा नाही, नाहीतर खोटा भरला जातो.

तोपर्यंत शाळेच्या पोर्टलवरची मार्कांची पानं उघडली. बहुतेक पालक सरासरी बघून पान बंद करतात, पण कारण त्याखालच्या ओळींत असतं. एपी (कॉलेजच्या पातळीच्या) यूएस हिस्टरीत बारा नोंदी होत्या. नऊ कामांत ८५च्या आसपास मार्क, आणि तीन शून्यं. नऊ गुणिले ८५ म्हणजे ७६५, भागिले बारा, उत्तर जवळपास ६४. मुलीला इतिहास येत होता, तीन कामं दिलीच गेली नव्हती. तिन्ही तारखा मंगळवारच्या. मंगळवारीही मीट, बस दुपारी दीडला निघते, आणि इतिहासाचा तास शेवटचा. त्या तासात दिलेलं काम तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

केमिस्ट्रीचं तसं नव्हतं. तिथे सगळी कामं वेळेवर होती, पण टेस्टमध्ये ७१, मग ६६. म्हणजे दोन विषय, दोन वेगळे आजार. दोन्हींवर "पळणं बंद" हे एकच औषध देऊन दोन्ही बरे झाले नसते.

कागद भरून आला तेव्हा वडील तो बराच वेळ वाचत बसले. प्रॅक्टिस पावणेतीन ते पावणेपाच. सव्वापाचला घरी. मग सात वाजेपर्यंत बिछान्यात फोन घेऊन पडलेली. बुधवारी भरतनाट्यम, शनिवार-रविवार तीन-तीन तास एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा, क्लास. जेवण साडेआठला. गृहपाठ रोज नऊनंतर सुरू, झोप पाऊण वाजता, उठणं सहाला. म्हणजे सव्वापाच तास झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात. दुपारच्या डब्याच्या रकान्यात चार दिवस एकच शब्द होता: "नाही". केमिस्ट्रीची लॅब जेवणाच्या सुट्टीत घुसत होती.

वडिलांनी विचारलं, "एवढं पळून ही टीममध्ये सातवी. सातवीचे तर मार्कही धरत नाहीत म्हणे. मग फायदा काय?"

मुलीने तोच कागद उलटा केला आणि पेनाने दोन टीमा मांडल्या. पाच किलोमीटरची शर्यत, प्रत्येकी सात जणी. पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज करायची, जिची कमी ती टीम जिंकते. सहावी आणि सातवीचा क्रमांक बेरजेत येत नाही. पण त्या दोघी समोरच्यांच्या पाचवीच्या पुढे पोचल्या, तर तिचा क्रमांक दोनने मागे ढकलला जातो आणि त्यांची बेरीज दोनने वाढते. बरोबरी झाली तर दोन्हीकडची सहावी कितवी आली ते बघतात. तिने समोरच्यांच्या पाचवीपुढचा ११ खोडून १३ केला आणि म्हणाली, "बाबा, हे दोन आमचे असतात." घरात सगळीकडे तिची तुलना होते ती पहिल्या नंबराशी. आपलं सातवं असणंही कुणाच्या तरी उपयोगी पडतं, असं ठिकाण तिला एवढंच होतं. ते काढून घेण्यापूर्वी त्याच्या जागी काय ठेवणार, याचं उत्तर आपल्याजवळ हवं.

एक गोष्ट मात्र पळण्याशीच जोडलेली निघाली. सप्टेंबरमध्ये तिची वेळ २१ मिनिटं ४० सेकंद होती, ऑक्टोबरात २३ मिनिटं १० सेकंद. सराव तेवढाच, आजारपण नाही. चढावर पाय जड होतात, धाप लागते, आणि दिवसभर बर्फ चघळावासा वाटतो, असं ती सहज बोलता बोलता म्हणाली. लांब पल्ल्याची पळणारी किशोरवयीन मुलगी, शाकाहारी घर, डबा चुकलेला, जेवणाबरोबर चहा आणि वर बर्फाची ओढ. एवढं एकत्र आलं की समुपदेशकाने अभ्यासाच्या गप्पा थांबवून डॉक्टरांकडे पाठवावं. हिमोग्लोबिन नॉर्मल होतं, आणि अनेकदा तपासणी तिथेच थांबते. डॉक्टरांना फेरिटिनही बघायला सांगा. तो शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा. तिचा ९ आला. साठा एवढा तळाला गेला की हिमोग्लोबिन उतरायच्या आधीच थकवा येऊ शकतो, आणि लक्षही लागत नाही. केमिस्ट्रीतल्या घसरणीत याचाही वाटा असणार.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच. मनाने सुरू करू नका, जास्त लोहही बाधतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा संत्र्याबरोबर, चहा आणि दुधापासून दोन तास लांब. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. याच भेटीत पाळी नियमित आहे का, फार जाते का, हे डॉक्टरांनी विचारायला हवं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर पळण्याच्या मानाने खाणं कमी पडतंय असा संशय घ्यावा लागतो, आणि पुढे हाडांना बारीक भेगा पडण्याचा धोका असतो. आया हा विषय "खेळणाऱ्या मुलींचं असं होतंच" म्हणून सोडून देतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

आता शाळेतली कामं. इतिहासाच्या शिक्षिकेला मुलीने स्वतः भेटायचं ठरलं. पालकांचा ईमेल नाही. इथे शिक्षक विद्यार्थ्याने स्वतः तोंड उघडण्याची वाट बघतात. बरोबर मीटच्या तारखांचा कागद न्यायचा, तो ऑगस्टमध्येच हातात आलेला असतो. आणि तीनच वाक्यं बोलायची: या मंगळवारी मी लवकर जाते, काम सोमवारीच मिळेल का, मागची तीन आता दिली तर किती मार्क धराल? दोन कामांचे अर्धे मार्क मिळाले, एकाचे मिळाले नाहीत.

केमिस्ट्रीचा निर्णय घरात सगळ्यात जड गेला. एपी सोडून ऑनर्सला, म्हणजे त्याहून एक पायरी खालच्या वर्गाला, उतरायचं म्हणजे हार, असं आईला वाटत होतं. आकडे मांडले. या शाळेत ऑनर्सला अर्धा आणि एपीला एक गुण जास्तीचा मिळतो. एपीत सी म्हणजे २ अधिक १, एकूण ३. ऑनर्समध्ये बी प्लस म्हणजे ३.३ अधिक ०.५, एकूण ३.८. शिवाय तीन एपी उरतातच. असा बदल करण्यापूर्वी शाळेतल्या गाइडन्स काउन्सेलरला तीन प्रश्न विचारा: शेवटची तारीख कोणती, सोडलेल्या विषयाची खूण ट्रान्सक्रिप्टवर राहते का, आणि आतापर्यंतचे मार्क नव्या वर्गात बरोबर येतात का. प्रत्येक शाळेचं उत्तर वेगळं असतं, म्हणून शेजारच्या टाउनशिपमधल्या मैत्रिणीला विचारून ठरवू नका.

एसएटीचा क्लास सीझन संपेपर्यंत थांबवला. क्रॉस कंट्री नोव्हेंबरात आटोपतं आणि एसएटी मार्चमध्ये, मेमध्ये, जूनमध्येही देता येते. डबा परत सुरू झाला. लॅबच्या दिवशी तो पुढच्या स्टडी हॉलमध्ये, म्हणजे शाळेतल्या स्वतः अभ्यास करायच्या तासात, खायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. प्रॅक्टिसच्या अर्धा तास आधी केळं आणि दोन चिक्क्या, पण शाळेत शेंगदाण्याला बंदी नाही ना, ते आधी पाहा. घरी आल्यावर लगेच थालीपीठ नाहीतर उसळ-भात, पावणेसहा ते सव्वाआठ अभ्यास, फोन स्वयंपाकघरातल्या चार्जरवर, साडेदहाला दिवा बंद. पहिले दोन आठवडे हे नीट जमलं नाही, फोनवरून भांडणंही झाली. मग वडिलांनी स्वतःचा फोनही त्याच चार्जरवर ठेवायला सुरुवात केली आणि भांडणं निवळली.

वडिलांच्या मनात आणखी दोन समज होते. एक, सी आला की शाळा टीममधून काढते. न्यू जर्सीत फॉल सीझनसाठी राज्याच्या नियमाला आदल्या वर्षी मिळवलेले ३० क्रेडिट पुरतात. वर्षभराचा विषय सहसा ५ क्रेडिटचा, म्हणजे सहा विषय पास. काही शाळांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात, ते ॲथलेटिक डायरेक्टरच्या ऑफिसात लेखी मिळतात.

दुसरा समज उलटा: पळत राहिली तर कॉलेजला स्कॉलरशिप मिळेल. २३ मिनिटांच्या वेळेवर ती मिळत नाही, हे स्पष्ट सांगावं लागलं. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्रीची (कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटातली) कॉलेजं तर खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या सामाईक प्रवेश अर्जावर, दहा उपक्रमांच्या जागा असतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, आणि आठवड्याचे तास, वर्षाचे आठवडे विचारतात. चार वर्षांचं पळणं त्यातली एक जागा भरतं. तेवढ्यासाठी कुणी ऊर फुटेस्तोवर पळू नये. ती पळते कारण दिवसातले ते दोन तास तिचे असतात, आणि मला हे कारण पुरेसं वाटतं.

पहिल्या मार्किंग पिरियडला इतिहासात बी मायनस आला, सेमिस्टरअखेर बी प्लस. ऑनर्स केमिस्ट्रीत बी प्लस. कॅल्क्युलसमध्ये ए होता तो ए मायनसवर आला, त्यावर कुणी बोललं नाही. पळण्याची वेळ मात्र त्या सीझनमध्ये सुधारली नाही, लोहाचा साठा भरायला महिने लागतात. विंटर ट्रॅक तिने स्वतःच्या निर्णयाने सोडलं आणि स्प्रिंगला परत गेली.

खेळ खरोखर थांबवायचे प्रसंगही असतात. डोक्याला मार लागून कन्कशनची, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याची, शंका आली तर त्याच क्षणी बाहेर, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतर पायरीपायरीने परत. हाड एकाच जागी दुखत राहिलं तरी थांबायचं. तिसरा प्रसंग सहज नजरेतून सुटतो: मुलीलाच सोडायचं असतं, पण बाबांनी बुटांचे आणि कॅम्पचे पैसे भरलेत म्हणून ती बोलत नाही. हे कोचसमोर नाही, आईवडिलांसमोरही नाही, तिला एकटीलाच विचारावं लागतं.

फेब्रुवारीत पुढच्या वर्षाच्या विषयांचा फॉर्म येतो, आणि ऑक्टोबरातली बहुतेक भांडणं तिथेच पेरली जातात. या मुलीने एपी फिजिक्सवर खूण करायच्या आधी त्या शिक्षकांना विचारलं, रोज किती वेळ लागतो. चाळीस मिनिटं, ते म्हणाले. बाकी विषयांचंही तसंच विचारून तिने बेरीज केली. साडेतीन तास आले. स्टडी हॉलमधली चाळीस मिनिटं वजा केली तरी पावणेसहा ते सव्वाआठच्या वेळेत ते बसेना, तेव्हा तिने एपी सायकॉलॉजीवरची खूण खोडली आणि फॉर्म आईकडे सहीला दिला.